मण्याराचें विष आणि स्नायूंचीं कुलुपें

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत सर्पविषाचा विषय निघाला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, सापाचें विष माणसाला मारण्यापलीकडे कशाच्या उपयोगी पडतें काय?" तास संपत आला होता. विष घोड्यास थोडें थोडें टोंचून त्याच्या रक्तापासून सर्पदंशावरील औषध तयार करितात, एवढें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. उत्तर खोटें नव्हतें, पण तें अपुरें होतें, व त्याची रुखरुख आमच्या मनास लागून राहिली. म्हणून हा लेख. विषय थोडा कठीण आहे. तथापि बेडूक, धोतरा आणि मुंगूस हीं ओळखीचीं मंडळी वाटेंत भेटणार असल्यामुळें वाचकांनीं धीर सोडूं नये.

प्रथम मण्याराकडे पाहूं. काळसर निळें, चकचकीत अंग आणि त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे, असा हा साप आपल्या महाराष्ट्रांत बहुतेक सर्वत्र आढळतो. दिवसा तो बिळांत किंवा दगडविटांच्या ढिगाखालीं स्वस्थ पडून असतो. रात्रीं बाहेर पडतो, आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत शिरून चावतो. दंशाची खूण कित्येक वेळां सांपडत नाहीं; सूज नसते, आगहि फारशी होत नाहीं. कांहीं तासांनीं पोटांत दुखूं लागतें. मग पापण्या जड होऊन खालीं उतरतात, एका वस्तूच्या दोन दिसूं लागतात, घांस गिळवत नाहीं, जीभ अडखळते, आणि शेवटीं श्वासोच्छ्वास करणारे स्नायूहि थकतात. या साऱ्या वेळांत रोग्याची शुद्ध बहुधा गेलेली नसते. आईनें मारलेली हांक त्याला ऐकूं येते, परंतु डोळे उघडून 'ओ' म्हणण्याची शक्ति त्याच्या अंगांत राहिलेली नसते.

येथें पालकांस एक गोष्ट सांगून ठेवितों. अशा रोग्यास मांत्रिकाकडे नेण्यांत घालविलेला प्रत्येक क्षण त्याच्या आयुष्यांतून वजा होतो. जखम कापूं नये, दोरी आवळून बांधूं नये. रोग्यास हालचाल करूं न देतां तडक जवळच्या मोठ्या दवाखान्यांत न्यावें. तेथें प्रतिविष मिळतें, व त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे यंत्राच्या साह्यानें श्वास चालू ठेवितां येतो. पावसाळ्यांत मुलांस जमिनीवर न निजवितां खाटेवर, मच्छरदाणी नीट खोंचून निजविलें तर बहुतेक वेळां हा प्रसंगच येत नाहीं.

आतां शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें पाहतां येथें एक कोडें आहे. मेंदू जागा आहे, हृदय चालत आहे, स्नायूंचें मांस जसेंच्या तसें आहे. मग पापणी कां उचलत नाहीं? आज्ञा देणारा आहे, आज्ञा पाळणाराहि आहे. तर मग निरोप कोठें अडला?

या कोड्याचा पहिला धागा फ्रान्समधील क्लोद बेर्नार या शास्त्रज्ञाच्या हातीं 1850 च्या सुमारास लागला. दक्षिण अमेरिकेंतील मूळचे रहिवासी शिकारीच्या बाणांस क्युरारे नांवाचें वनस्पतिजन्य विष लावीत असत. तें अंगांत भिनलें कीं जनावर लुळें पडतें. बेर्नारनें बेडकाच्या एका मागच्या पायाकडे जाणारें रक्त बांधून बंद केलें, परंतु त्या पायाचा मज्जातंतु मोकळा ठेविला. आणि मग पाठीच्या कातडीखालीं क्युरारे घातलें. सर्व शरीर लुळें झालें, पण ज्या पायांत रक्ताबरोबर विष पोंचलें नव्हतें तो पाय मात्र हलत राहिला. त्याला निरोप नेणारा मज्जातंतु तर विष भिनलेल्या अंगांतूनच आला होता! म्हणजे विषानें तंतूची दोरी तोडली नव्हती. उलट लुळ्या पडलेल्या स्नायूस विजेचा झटका प्रत्यक्ष दिला तर तोहि आंखडे; म्हणजे स्नायूहि मेला नव्हता. दोरी शाबूत, स्नायु शाबूत. तेव्हां बिघाड या दोहोंच्या सांध्यांतच असला पाहिजे.

हा सांधा आपण समजतों तसा चिकटलेला नसतो. मज्जातंतूचें टोंक आणि स्नायु यांमध्यें एक फट असते. ती एका मिलिमीटरच्या सुमारें वीस हजाराव्या भागाएवढी रुंद असते. पण फट ती फटच. विजेचा निरोप ती ओलांडूं शकत नाहीं. मग तंतूचें टोंक ॲसिटिलकोलिन नांवाचा एक द्रव फटींत सोडतें, व तो पलीकडे पोंचला कीं स्नायु आंखडतो. ऑटो लोवी यानें 1921 सालीं बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतु असे रासायनिक निरोप धाडतात हें दाखविलें, आणि हेन्री डेल व त्याचे सहकारी यांनीं पुढें स्नायूंच्या सांध्यांतहि हाच जासूद काम करितो हें सिद्ध केलें. 1936 चें नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळून देण्यांत आलें.

पण जासूद आला तरी त्याला दार उघडून घेणारा कोणी पाहिजे. केंब्रिजच्या लँगले यानें 1905 सालींच हें ओळखलें होतें. कोंबडीच्या स्नायूवर तंबाखूंतील निकोटिन घातलें असतां तो आंखडे, आणि वर क्युरारे घातलें असतां सैल पडे. मज्जातंतु कापून तो झिजून गेल्यावरहि असेंच होई. तेव्हां लँगलेनें असें अनुमान काढिलें कीं, स्नायूच्या अंगावरच एक 'घेणारा' पदार्थ असला पाहिजे. निकोटिन आणि क्युरारे हीं दोन्ही त्याच एका जागेसाठीं भांडतात. इंग्रजींत त्यास रिसेप्टर म्हणतात; आपण त्यास ग्राही म्हणूं. ग्राही म्हणजे कुलूप, ॲसिटिलकोलिन म्हणजे किल्ली. क्युरारे ही खोटी किल्ली आहे. ती कुलुपांत शिरते, पण फिरत नाहीं, आणि ती आंत आहे तोंवर खऱ्या किल्लीस जागा मिळत नाहीं.

एथपर्यंत ठीक. परंतु सृष्टीची योजना याहून गुंतागुंतीची आहे. ॲसिटिलकोलिन हृदयाकडेहि जातें, आणि तेथें तें स्नायु आंखडण्याऐवजीं ठोके मंद करितें. तेथें क्युरारेचा उपयोग होत नाहीं. तेथें चालतें तें ॲट्रोपिन. धोतऱ्याचें बीं खाल्लेल्या मुलाच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडें पडतें, छाती धडधडते, हें खेड्यांतील वडील मंडळींस ठाऊक आहे. तो याच ॲट्रोपिनचा व त्याच्या जातभाईंचा पराक्रम होय. परंतु त्या मुलाचे हातपाय क्युरारेनें पडतात तसे लुळे पडत नाहींत. यावरून काय निघतें? किल्ली एकच असली तरी कुलुपें दोन जातींचीं आहेत. आणि प्रत्येक जातीस बंद पाडणारी खोटी किल्ली वेगळी आहे.

आमच्या मतें या विषयांतील खरी मौज येथेंच आहे. सर्वच कुलुपें बंद करणारें विष शास्त्रज्ञाच्या फारसें कामाचें नाहीं. तें टाकलें कीं सगळाच कारभार थांबतो, आणि कोणतें काम कोणत्या दारानें चालत होतें तें कळत नाहीं. जें एकाच जातीचें दार बंद करितें व बाकींचीं उघडीं ठेवितें, तेंच बोलकें असतें. मोठ्या वाड्यांतील कोणता नळ कोणत्या टाकीवर आहे हें पाहावयाचें असल्यास आपण एकेक चावी बंद करून पाहतों, तसाच हा प्रकार. अशा पदार्थास निवडक रोधक असें म्हणतां येईल. आजच्या प्रयोगशाळांत असे रोधक शेंकडोंनीं आहेत. पण मण्यारानें पुरविलेला रोधक त्यांत विशेष मानाचा आहे.

तैवान बेटावर आपल्या मण्याराचा एक चुलतभाऊ राहतो. त्याच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे अधिक ठळक असतात, आणि तेथेंहि त्याच्या दंशानें माणसें दगावत. तैपेई येथील राष्ट्रीय तैवान विद्यापीठांत औषधिशास्त्राचे अभ्यासक चेन-युआन ली आणि त्यांचे सहकारी चुआन-च्युंग चांग यांनीं या सापाचें विष हातीं घेतलें. सापाचें विष हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचें मिश्रण असतें. त्यांनीं ओल्या पिष्टाच्या थरांतून वीज सोडून तें मिश्रण वेगवेगळें केलें. विजेच्या ओढीनें एकेक घटक आपापल्या वेगानें पुढें सरकतो व निराळा पडतो. 1963 सालीं त्यांनीं आपलें काम प्रसिद्ध केलें. सापाच्या बंगारस या शास्त्रीय कुलनामावरून त्या घटकांस बंगारोटॉक्सिन हें नांव मिळालें, व ग्रीक अक्षरांवरून अल्फा, बीटा असे त्यांचे भेद झाले. बीटा मज्जातंतूच्या टोंकावर हल्ला करून तें उध्वस्त करितें. (आपल्या मण्याराच्या विषांतहि हा प्रकार असतो, म्हणूनच रोगी बरा होण्यास वेळ लागतो). अल्फा मात्र तंतूस हातहि लावीत नाहीं. तें फटीपलीकडे जाऊन स्नायूच्या ग्राहीवर बसतें, आणि बसलें कीं उठत नाहीं.

या 'उठत नाहीं' मध्यें सर्व गोम आहे. क्युरारे पाण्यानें धुतलें कीं निघून जातें. त्यामुळें त्याच्या मदतीनें ग्राही ओळखतां येई, पण पकडून ठेवितां येत नसे. अल्फा-बंगारोटॉक्सिन हा 74 ॲमिनो आम्लांच्या माळेचा लहानसा प्रथिनाचा गोळा आहे, पण त्याची पकड इतकी घट्ट कीं ती सुटण्यास फार दीर्घ वेळ लागतो. शिवाय त्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडलें तरी त्याचा स्वभाव बिघडत नाहीं. म्हणजे प्रत्येक खोट्या किल्लीस जणूं एक लहानसा दिवाच बांधतां येतो. मग स्नायूचा तुकडा त्यांत बुडवावा, चिकटलें नसेल तें धुवून टाकावें, आणि किती किरण बाहेर पडतात तें यंत्रानें मोजावें. किरणांवरून किल्ल्या कळतात, किल्ल्यांवरून कुलुपें.

अशी मोजणी केली तेव्हां उंदराच्या श्वासपटलांतील एकेका सांध्यावर हीं कुलुपें कोटींच्या हिशेबानें दाटीवाटीनें बसलेलीं आढळलीं. सांधा सोडून थोडें दूर गेलें कीं जवळजवळ शून्य! पुढें कुलूप प्रत्यक्ष हातीं घेण्याची खटपट सुरू झाली. त्यासाठीं शास्त्रज्ञांनीं विजेच्या माशांकडे धांव घेतली. दक्षिण अमेरिकेंतील विजेचा ईल मासा आणि समुद्रांतील टॉर्पेडो मासा यांच्या अंगांत वीज उत्पन्न करणारे अवयव असतात. ते मूळचे स्नायूच, पण आंखडण्याचें काम सोडून विजेचा धंदा पत्करलेले. त्यांत हे ग्राही विपुल असतात. पॅरिसमध्यें झां-पिएर शांजे यांनीं तैवानच्या ली यांच्याबरोबर 1970 सालीं सर्पविषाच्या साह्यानें ईल माशांतील ग्राही ओळखून दाखविला, आणि लंडनमध्यें मिलेडी, मोलिनॉफ व पॉटर यांनीं 1971 सालीं टॉर्पेडोंतील ग्राही वेगळा काढिला. लँगलेनें 1905 सालीं केवळ तर्कानें मानलेली वस्तु साठांहून अधिक वर्षांनीं कांचेच्या नळींत आली.

मोजणारानें स्वतःलाहि तपासावें लागतें. विष खरोखर ग्राहीवरच बसलें, कीं उगाच कोठें तरी चिकटलें? त्यासाठीं एका तुकड्यावर आधीं पुष्कळ क्युरारे घालतात व मग दिवा लावलेलें विष घालतात. ग्राही आधींच भरलेले असल्यामुळें विषानें तेथें बसूं नये. तरीहि जेवढें बसेल तेवढें फुकटचें समजून हिशेबांतून वजा करावयाचें. ही वजाबाकी न करणारास या विद्येंत कोणी विचारीत नाहीं. दुसरी सावधगिरी अशी कीं, 'निवडक' हा शब्द डोळे मिटून मानूं नये. मेंदूंतहि निकोटिन घेणारे ग्राही आहेत. तेथें हेंच विष लावून पाहतां विष एका ठिकाणीं बसूं लागलें व निकोटिनची घट्ट पकड दुसऱ्या ठिकाणीं दिसूं लागली, आणि संशोधक कांहीं काळ बुचकळ्यांत पडले. पुढें कळलें कीं मेंदूंतील अशा कुलुपांचे अनेक पोटभेद आहेत, आणि हें विष त्यांपैकीं कांहींसच बंद करितें. कुलपाच्या जाती आपण दोन म्हणून वर सांगितल्या खऱ्या. पण ती केवळ सुरुवात होती.

आतां पापण्यांच्या गोष्टीकडे परत येऊं. मण्यार चावलेला नसतांहि ज्यांच्या पापण्या संध्याकाळीं गळतात अशीं माणसें आहेत. सकाळीं तीं ताजीं उठतात. दिवस चढतो तसे स्नायु थकत जातात. जेवण अर्धें होतें न होतें तोंच जबडा चालेनासा होतो. एकाचे दोन दिसतात. केंस विंचरतां विंचरतां हात खालीं पडतो. या रोगास मायस्थेनिया ग्राव्हिस असें नांव आहे. बाहेरून पाहणारास रोगी आळशी किंवा ढोंगी वाटतो, आणि घरच्यांचींहि बोलणीं त्यास ऐकावीं लागतात. आमच्या परिचयांतील एका बाईंस असा अनुभव दोन वर्षें आला. त्यांची दृष्टि बिघडली असेल म्हणून तीन वेळां चष्मा बदलला, आणि 'मन रमवा' असाहि उपदेश पुष्कळांनीं केला.

1934 सालीं लंडनच्या एका रुग्णालयांतील डॉ. मेरी वॉकर यांस असें दिसलें कीं, या रोगाचीं लक्षणें क्युरारेच्या विषबाधेसारखींच आहेत. क्युरारेवर जो उतारा चालतो तो येथें कां चालूं नये? त्यांनीं फायसोस्टिग्मिन टोंचलें. हा पदार्थ फटींतील ॲसिटिलकोलिनचा नाश लवकर होऊं देत नाहीं, म्हणून किल्ल्या अधिक वेळ टिकतात. रोग्याची गळलेली पापणी थोड्याच वेळांत वर गेली! उपाय सांपडला, परंतु कारण सांपडलें नाहीं. किल्ल्या कमी पडतात कीं कुलुपें? पुष्कळ वर्षें बहुतेकांचा संशय किल्ल्यांवर, म्हणजे मज्जातंतूवर होता. 1960 सालीं ग्लासगोच्या सिम्पसन यांनीं असा तर्क मांडला कीं, रोग्याचें शरीर आपल्याच कुलुपांविरुद्ध प्रतिपिंडें तयार करीत असावें. म्हणजे रोगजंतूंवर सोडावयाचे शिपाई आपल्याच घराचीं दारें फोडीत असावे. तर्क उत्तम होता. पण कुलुपें मोजण्याचें साधनच नसल्यामुळें तो खरा कीं खोटा हें कोण ठरविणार?

तें साधन आतां होतें. 1973 सालीं कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम हे दोघे निराळ्याच कामांत होते. ईल माशापासून शुद्ध केलेला ग्राही त्यांनीं सशांस टोंचला, तो एवढ्याचसाठीं कीं सशांनीं ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडें तयार करावीं व तीं पुढील प्रयोगांस वापरावीं. दुसऱ्या टोंचणीनंतर ससे लुळे पडूं लागले. फायसोस्टिग्मिनच्या जातीचें औषध देतांच ते पुन्हां सावरले! माशाच्या कुलुपाविरुद्ध बनविलेल्या प्रतिपिंडांनीं सशांचीं स्वतःचींच कुलुपें धरलीं होतीं. सिम्पसन यांचा तर्क सशाच्या पिंजऱ्यांत हालचाल करूं लागला होता.

त्याच वर्षीं बाल्टिमोर येथें फॅम्ब्रो, ड्रॅकमन व सत्यमूर्ति यांनीं माणसांतील उत्तर शोधलें. रोग्यांच्या स्नायूंचे लहानसे तुकडे घेऊन त्यांनीं आयोडीनचा दिवा लावलेलें अल्फा-बंगारोटॉक्सिन त्यांवर घातलें, धुतलें, आणि किरण मोजले. निरोगी माणसाच्या सांध्यावर शंभर कुलुपें धरलीं तर या रोग्यांच्या सांध्यावर तीं अकरा ते तीस एवढींच निघालीं. मज्जातंतु किल्ल्या पुरेशा पाठवीत होता. दारेंच उरलीं नव्हतीं. आम्हीं हे आंकडे प्रथम वाचले तेव्हां त्या बाईंची आठवण झाली. ज्यांच्या अंगांत सत्तराहून अधिक टक्के दारें बंद झालीं आहेत त्यांस लोक 'मन रमवा' म्हणत होते!

कारण कळल्यावर उपचारांची दिशा बदलली. किल्ल्या टिकविणारीं औषधें तर आहेतच. त्यांच्या जोडीस शरीराच्या चुकलेल्या शिपायांस आवरणारीं औषधें आलीं, आणि छातींतील थायमस ग्रंथि काढण्याच्या शस्त्रक्रियेसहि भक्कम आधार मिळाला. निदानासाठीं रक्ताची तपासणी निघाली, व तींतहि मण्याराच्या चुलतभावाचें विष कामास आलें. ग्राहीवर किरणोत्सर्गी विष बसवून त्याला खूण करितात, त्यांत रोग्याचें रक्तजल मिसळतात, आणि प्रतिपिंडांनीं किती ग्राही पकडले तें किरण मोजून ठरवितात. सर्वांगास रोग पसरलेल्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें पंच्याऐंशींमध्यें हीं प्रतिपिंडें सांपडतात. वर सांगितलेल्या बाईंचें निदान अखेर रक्ताच्या तपासणीनेंच झालें. आज त्या दिवसांतून कांहीं वेळां गोळ्या घेतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक स्वतः करितात.

लेख येथें संपावयाचा. पण वर्गांत दुसऱ्या एका विद्यार्थ्यानें विचारलेला प्रश्न उरला आहे. मुंगुसाला साप चावला तर तें कां मरत नाहीं? तें रानांत जाऊन कसलीशी मुळी खाऊन येतें, अशी गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकिली आहे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेंत सारा फुक्स यांच्या सहकाऱ्यांनीं मुंगुसाचा ग्राही तपासून 1992 सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. विष जेथें बसतें तेथील मोजकीं ॲमिनो आम्लें मुंगुसामध्यें बदललेलीं आहेत. त्यामुळें अल्फा-बंगारोटॉक्सिन त्यावर बसत नाहीं, परंतु ॲसिटिलकोलिन मात्र नेहमीप्रमाणें आंत जाऊन कुलूप उघडतें. सापाच्या स्वतःच्या ग्राहींतहि त्याच जागीं असाच फेरफार आढळतो; नाहीं तर तो आपल्याच विषानें लुळा पडता. मात्र सर्पविषांत इतरहि घटक असतात, आणि विष फार गेलें तर मुंगूसहि मरतें. म्हणूनच तें सापापुढें उभें राहिलें कीं अंगावरचे केंस फुलवून आधीं चावा चुकविण्याच्याच खटपटींत असतें.